मर्यादा आणि जनरेटा : माइक पेन्स यांच्या भाषणांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या दुफळीवर जो लेख आला, त्यात माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या एका भाषणाचा ओझरता उल्लेख होता. ६ सप्टेंबर २०२३ रोजी न्यू हॅम्पशर राज्यात मँचेस्टर येथील सेंट ॲन्सेल्म कॉलेजात हे भाषण झाले. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्वतः रिंगणात असलेल्या पेन्स यांनी त्या दिवशी आपल्याच पक्षाला दोन वाटांपैकी एक निवडण्याचे आवाहन केले होते. त्या उल्लेखावर वाचकांची बरीच पत्रे आली आणि त्यांतली काही इतकी नेमकी होती, की हे सदर संपूर्णपणे याच विषयाला द्यावे असे वाटले. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : लोकांना आवडेल ते बोलणारा पुढारी आणि जुन्याला धरून राहणारा पुढारी हे आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकाच व्यक्तीच्या रूपाने येतात. मग पेन्स यांना या दोहोंमध्ये एवढी मोठी दरी का दिसते? आणि मराठीत या दोन कल्पनांना नेमके काय म्हणावे? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. 'पुराणमतवादी' हा शब्द मराठीत आगरकरांच्या काळापासून सुधारकांच्या विरोधकांसाठी वापरला गेला आणि त्याला संमतिवय, केशवपन, सोवळेओवळे यांचा जो वास चिकटला, तो अजून गेलेला नाही. अमेरिकेतील पेन्स ज्या अर्थाने स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात, त्यात धर्मनिष्ठा आणि कुटुंबसंस्था जरूर आहेत. पण त्यांच्या बरोबरीने सरकारचे अधिकार मर्यादित असावेत, खर्च उत्पन्नाच्या आत राहावा, बाजारात सरकारने ढवळाढवळ करू नये आणि राज्यघटनेच्या शब्दांपुढे सत्ताधाऱ्याने मान तुकवावी, हेही आहे. म्हणून मी त्याला 'परंपरावाद' म्हणतो. दुसऱ्या कल्पनेसाठी आपली वृत्तपत्रे 'लोकानुनय' हा शब्द वापरतात. निवडणुकीच्या तोंडावर खिरापत वाटणे एवढाच त्याचा अर्थ धरला, तर तो अपुरा पडतो. लोकानुनयाच्या मुळाशी एक मांडणी आहे : खरी जनता एका बाजूला, तिला फसवणारे वरचे लोक दुसऱ्या बाजूला, आणि त्या खऱ्या जनतेचा आवाज म्हणजे मी. एकदा हे गृहीत धरले, की न्यायालय, कायदेमंडळ, निवडणूक अधिकारी हे सगळे जनता आणि नेता यांच्या मधले अडथळे ठरतात.

पेन्स यांनी त्या भाषणात मांडलेला मुद्दा साधारण असा होता : पक्षात एक गट वाढतो आहे, त्याच्याकडे कार्यक्रम म्हणून वैयक्तिक गाऱ्हाणी आणि दिखाऊ संताप यांपलीकडे फारसे काही नाही, आणि तत्त्वांशी नाळ तुटलेल्या या लोकानुनयाने पक्षाचा ताबा घेतला तर आजवर ओळखीचा असलेला रिपब्लिकन पक्ष उरणार नाही. उजव्यांचा लोकानुनय आणि डाव्यांचा पुरोगामीपणा हे विनाशाच्या एकाच रस्त्यावरचे सहप्रवासी आहेत, असेही त्यांनी म्हटले. भाषणाचे सूत्र त्यांनी रोनाल्ड रेगन यांच्याकडून घेतले होते. २७ ऑक्टोबर १९६४ रोजी अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी रेगन दूरचित्रवाणीवर बोलले, त्या प्रसिद्ध भाषणाचे नावच 'निवडीची वेळ' अशा अर्थाचे होते. गोल्डवॉटर त्या निवडणुकीत ५० पैकी फक्त ६ राज्ये जिंकू शकले. मात्र त्या एका भाषणाने रेगन यांची राजकीय वाट मोकळी झाली. पेन्स यांना अशाच एखाद्या वळणाची आशा असावी.

मात्र रेगन यांचे नाव घेताना पेन्स एक गोष्ट सोडून देतात, आणि मला ती महत्त्वाची वाटते. १९८० मध्ये रेगन जिंकले ते परंपरावादी विचारवंतांच्या मतांवर जिंकले नाहीत. वॉशिंग्टनमधल्या नोकरशाहीवर चिडलेला, पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आलेला कामगार मतदार त्यांनी आपल्याकडे वळवला. म्हणजे परंपरावाद आणि लोकानुनय यांची मोट रेगन यांनीच बांधली होती. ती मोट त्यांच्या हातून सुटली नाही, याचे कारण त्यांच्या मनात कशाला मर्यादा म्हणायचे ते पक्के होते.

प्रश्न : ६ जानेवारी २०२१ रोजी पेन्स यांनी मतमोजणीचे ठरलेले कामकाज पार पाडले, यापलीकडे काय केले? कायद्याने नेमून दिलेले काम करणे यात कोणता वाद आणि कोणते तत्त्व? (कायद्याची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : तुम्ही कायदा शिकता म्हणून थोड्या तपशिलात जातो. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडून आलेली निर्वाचकांची (अध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याने नेमलेल्या प्रतिनिधींची) प्रमाणपत्रे सिनेटच्या अध्यक्षांनी, म्हणजे उपाध्यक्षांनी, दोन्ही सभागृहांच्या समक्ष उघडायची असतात आणि मग 'मते मोजली जातील', एवढेच तिथे लिहिले आहे. कोणी मोजायची, वाद झाल्यास कोणी ठरवायचे, याविषयी त्या वाक्यात मौन आहे. १८७६ च्या निवडणुकीत या मौनापायी मोठा पेच उभा राहिला आणि म्हणून १८८७ चा मतमोजणी कायदा झाला. ट्रम्प यांच्या सल्लागारांनी २०२० च्या पराभवानंतर नेमका हाच सांधा हेरला : उपाध्यक्षाने काही राज्यांची मते बाजूला ठेवावीत किंवा परत पाठवावीत, असा त्यांचा आग्रह होता.

पेन्स यांनी निवृत्त न्यायाधीश मायकेल लुटिग यांच्यासारख्या पक्क्या परंपरावादी कायदेपंडितांचा कौल घेतला, माजी उपाध्यक्ष डॅन क्वेल यांच्याशी बोलणे केले, आणि ६ जानेवारीला दुपारी कामकाज सुरू होण्याच्या सुमारास एक पत्र प्रसिद्ध केले. त्या पत्रातले एक वाक्य मी अनेकदा वाचले आहे. राज्यघटनेचे पालन आणि रक्षण करण्याची मी घेतलेली शपथ मला बांधून घालते, त्यामुळे कोणती मते मोजावीत आणि कोणती नाही हे एकट्याने ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. 'बांधून घालते' हे क्रियापद पाहा. सत्तेच्या शिखरावर बसलेला माणूस मला काय करता येईल हे सांगत नाही, मला काय करता येणार नाही हे सांगतो. परंपरावादाची संपूर्ण शिकवण मला त्या एका क्रियापदात दिसते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. कायद्याने दिलेले काम करणे एरवी सोपे असते. आपल्याच पक्षाचा अध्यक्ष, आपलेच मतदार आणि आपलाच राजकीय भविष्यकाळ यांनी एकमुखाने ते करू नको म्हटल्यावर ते करणे हे तत्त्व असते.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. ट्रम्प समर्थकांचा जमाव संसद भवनावर चालून गेला, बाहेर फाशीचा सांगाडा उभारला गेला, 'माइक पेन्सला फाशी द्या' अशा घोषणा झाल्या, आणि दुपारी २ वाजून २४ मिनिटांनी ट्रम्प यांनी पेन्स यांच्यात धैर्य नाही, असे ट्विट केले. सुरक्षारक्षकांनी पेन्स यांना इमारतीखालच्या, माल उतरवण्याच्या जागेत नेले. तिथे गाडी तयार होती. तीत बसायला त्यांनी नकार दिला, कारण उपाध्यक्ष पळून जात असल्याचे दृश्य जगाला दिसावे हे त्यांना मान्य नव्हते. रात्री ८ नंतर सभागृह पुन्हा भरले आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास ३०६ विरुद्ध २३२ हा निकाल त्यांनी स्वतः वाचून दाखवला. त्या निकालाने त्यांचे स्वतःचे पदही गेले होते.

एक वर्षाने, ४ फेब्रुवारी २०२२ रोजी, फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे परंपरावादी वकिलांच्या फेडरलिस्ट सोसायटीपुढे पेन्स म्हणाले, की ट्रम्प यांचे म्हणणे चुकीचे आहे, निवडणूक उलटवण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले, की २०२४ मध्ये आम्ही जिंकू तेव्हा कमला हॅरिस यांनाही तो अधिकार असणार नाही. ६ जानेवारी २०२५ रोजी हॅरिस त्याच आसनावर बसल्या आणि स्वतःच्या पराभवाचा, ३१२ विरुद्ध २२६ असा, निकाल त्यांनी शांतपणे जाहीर केला. दरम्यान, डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन उपाध्यक्षाची भूमिका निव्वळ औपचारिक आहे हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले होते. मर्यादा आपल्या बाजूलाही लागू असते, हे आधी एका पक्षाच्या माणसाने मान्य केले, म्हणून चार वर्षांनी दुसऱ्या पक्षाच्या बाईंना ते मान्य करताना कोणी अडवले नाही.

प्रश्न : मी तीस वर्षे कारखान्यात काढली. आमच्यासारख्यांचे गाऱ्हाणे कोणी मोठ्या आवाजात मांडले की त्याला लोकानुनय म्हणून नावे ठेवायची, हा सुशिक्षितांचा जुना खाक्या आहे. अमेरिकेतही तेच चालले नाही काय? (पिंपरी)

उत्तर : तुमचा राग मला पटतो, आणि या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे. योगायोग असा, की याचे उत्तर शोधायला पेन्स यांच्याच इंडियाना राज्यात जाता येते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये इंडियानापोलिस येथील कॅरियर कंपनीच्या कारखान्यात कामगारांना एकत्र बोलावले गेले. घरे उबदार ठेवणारी उपकरणे तिथे तयार होत. एका अधिकाऱ्याने व्यासपीठावरून सांगितले, की उत्पादन मेक्सिकोत मॉन्टेरी येथे हलवले जाणार आहे आणि हा निर्णय केवळ व्यावसायिक आहे. एका कामगाराने ते सगळे फोनवर टिपले. त्या चित्रफितीत आधी सुन्न करणारी शांतता आहे, मग आरडाओरडा, शिव्या. आणि व्यासपीठावरचा अधिकारी 'मला महत्त्वाची माहिती द्यायची आहे' असे म्हणून लोकांना गप्प करू पाहतो आहे. सुमारे १,४०० माणसांच्या नोकऱ्यांचा तो प्रश्न होता. टाळेबंदीची नोटीस फाटकावर वाचलेल्या कोणालाही ते दृश्य परके वाटणार नाही.

त्या वेळी पेन्स इंडियानाचे गव्हर्नर होते. त्यांच्या विचारसरणीप्रमाणे भांडवल कुठे जावे हे बाजाराने ठरवायचे असते. ट्रम्प यांनी मात्र कॅरियरचे नाव प्रत्येक सभेत घेतले आणि कंपनीला धडा शिकवण्याची भाषा केली. निवडणूक जिंकल्यावर, १ डिसेंबर २०१६ रोजी, दोघे त्या कारखान्यात गेले. इंडियाना राज्याने दहा वर्षांत मिळून ७० लाख डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या आणि त्याच्या बदल्यात सुमारे ८०० उत्पादनाच्या नोकऱ्या राहणार होत्या. मुक्त बाजार हे सगळे निस्तरत आला आहे आणि अमेरिका हरत आली आहे, असे पेन्स तेव्हा बोलल्याचे छापून आले. उभा जन्म मुक्त बाजाराची पालखी वाहिलेला माणूस हे बोलत होता. पुढील वर्षभरात त्याच कारखान्यातील शेकडो माणसांना तरीही काढून टाकले गेले, कारण उत्पादनाचा दुसरा भाग ठरल्याप्रमाणे मेक्सिकोला गेलाच.

या घटनेतून मी दोन निष्कर्ष काढतो. पहिला तुमच्या बाजूचा आहे. परंपरावादी नेत्यांनी वीस-पंचवीस वर्षे मुक्त व्यापाराचे गोडवे गायले. कारखाना गेल्यावर गावात मागे काय उरते, हा प्रश्न त्यांनी आपला मानला नाही. ज्या तत्त्वाला माणसाचे दुःख दिसत नाही, त्या तत्त्वाच्या मागे माणूस राहत नाही. सेंट ॲन्सेल्मच्या भाषणात पेन्स यांनी वैयक्तिक गाऱ्हाण्यांवर टीका केली. पण कॅरियरच्या कामगाराचे गाऱ्हाणे खरे होते आणि त्याला परंपरावादाकडे उत्तर काय, हे त्यांनी भाषणात पुरेसे सांगितले नाही. मला तो त्या भाषणातला सर्वांत मोठा उणेपणा वाटतो.

दुसरा निष्कर्ष तुम्हाला कदाचित रुचणार नाही. गाऱ्हाणे मांडणे आणि गाऱ्हाण्यावर स्वार होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कामगार संघटना गाऱ्हाणे मांडते तेव्हा करार होतो, त्यावर सह्या होतात, आणि तो मोडला तर दाद मागायला जागा असते. नेता गाऱ्हाण्यावर स्वार होतो तेव्हा एका कारखान्यात समारंभ होतो, छायाचित्रे निघतात, आणि शेजारच्या कारखान्याचे काय हे त्या नेत्याच्या लहरीवर राहते. कॅरियरला मिळाले ते अशा लहरीतून मिळाले. म्हणून काढलेल्या कामगारांना नंतर विचारायला कोणी उरले नाही.

प्रश्न : तत्त्वाच्या एवढ्या गोष्टी करणारे पेन्स चार वर्षे ट्रम्प यांच्या शेजारी गप्प कसे बसले? खर्चावर नियंत्रण हवे म्हणतात, मग कर्ज कोणी वाढवले? (सनदी लेखापाल, पुणे)

उत्तर : आरोप बरोबर आहे. ट्रम्प-पेन्स यांच्या चार वर्षांत अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ ८ लाख कोटी डॉलरने वाढले. त्यातला मोठा हिस्सा करोनाच्या वर्षातला असला, तरी त्याआधीही तूट वाढतच होती. न्यू हॅम्पशरच्या भाषणात त्यांनी कर्जाचा विषय काढला तेव्हा ते ३२ लाख कोटींच्या पुढे गेले होते. त्यांच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते, आणि ती जुनी आहे. २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधिगृहात वृद्धांना औषधांसाठी सरकारी मदत देणारे विधेयक आले होते. अध्यक्ष बुश त्यांच्याच पक्षाचे होते, मतदान तब्बल तीन तास ताणून धरले गेले आणि विरोधी सदस्यांना एकेक करून वळवले जात होते. शेवटी २२० विरुद्ध २१५ मतांनी विधेयक मंजूर झाले. विरोधात राहिलेल्या २५ रिपब्लिकनांत पेन्स होते. वृद्धांना औषध मिळावे की नाही या प्रश्नावर माझे मत त्यांच्या उलट आहे. मुद्दा इतकाच, की २००३ चे पेन्स पक्षाला नाही म्हणू शकत होते आणि २०१७ ते २०२० चे पेन्स म्हणत नव्हते. सेंट ॲन्सेल्मला ते जे बोलले, ते पाच वर्षे आधी बोलायला हवे होते.

प्रश्न : परंपरावादाचे आद्य विचारवंत म्हणून एडमंड बर्क यांचे नाव घेतले जाते. त्यांचा आणि मराठ्यांच्या इतिहासाचा काही संबंध होता, असे ऐकले होते. या वादात बर्क कोणत्या बाजूला उभे राहिले असते? (इतिहासप्रेमी वाचक, वाई)

उत्तर : संबंध होता, आणि तो सांगताना मला फार आनंद होतो. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हनुमंतराव हे ब्राह्मण गृहस्थ, मनियार रतनजी आणि त्यांचा मुलगा या दोन पारशी सोबत्यांसह लंडनला पोहोचले होते. पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते आणि राघोबांचा पक्ष मांडण्यासाठी ते गेले होते. परमुलखात त्यांच्या राहण्याखाण्याची आबाळ होते आहे हे बर्क यांच्या कानावर गेले, तेव्हा त्यांनी या पाहुण्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी आणले आणि बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. तिथे हनुमंतरावांना आपल्या हाताने स्वयंपाक करता यावा आणि आपले आचारधर्म पाळता यावेत, अशी ती व्यवस्था होती. दुसऱ्याच्या परंपरेलाही परंपरा म्हणून मान देणारा हा परंपरावाद आहे. बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने हिंदुस्थानातल्या लोकांचे कायदे आणि रीतिरिवाज पायदळी तुडवून मनमानी सत्ता गाजवली, असा आरोप ठेवून १७८८ मध्ये बर्क यांनी त्याच्यावर महाभियोग चालवला. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तरी अमर्याद सत्ता देण्याचा अधिकार कोणालाच नाही आणि घेण्याचाही नाही, हे बर्क यांचे म्हणणे त्या खटल्याने नोंदवून ठेवले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बर्क यांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले, तेव्हा आभाराच्या भाषणातच त्यांनी सांगितले, की तुमचा प्रतिनिधी तुम्हाला फक्त आपले श्रम देणे लागत नाही, आपली सदसद्विवेकबुद्धीही देणे लागतो. आणि तुमच्या मतासाठी त्याने ती बुद्धी गहाण टाकली तर तो तुमचा विश्वासघात ठरतो. निवडून आल्याच्या दिवशी मतदारांना हे ऐकवणे सोपे नव्हते. आयर्लंडच्या व्यापाराच्या आणि कॅथलिकांच्या सवलतींच्या प्रश्नांवर त्यांनी ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांच्या मताविरुद्ध भूमिका घेतली आणि १७८० मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली.

बर्क स्वतः व्हिग, म्हणजे हुजूर पक्षाच्या विरोधी गटातले, होते. पुढे हुजूर पक्षाने त्यांना आपले पूर्वज मानले. त्या पक्षातही ही फूट एकदा उघडी पडली. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे ईनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध रक्तपाताची भाकिते करणारे भाषण केले. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले. लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेल यांच्या बाजूने पार्लमेंटवर मोर्चा नेला, तरी हीथ यांनी निर्णय बदलला नाही. रिपब्लिकन पक्षात २०१६ नंतर हीथ यांच्या जागी उभे राहणारे कोणी निघाले नाही, आणि पेन्स निघाले तेव्हा पक्षाचे नेतृत्व त्यांच्या हाती नव्हते.

प्रश्न : आमच्या मंडळातल्या मराठी कुटुंबांत या विषयावर गणेशोत्सवातही वाद होतो. धार्मिक, कुटुंबवत्सल, कर कमी मागणारा पक्ष म्हणून अनेकांना रिपब्लिकन जवळचे वाटत. आता व्हिसा आणि आयातशुल्क यांमुळे लोक बिचकले आहेत. पेन्स यांचा पक्ष असता तर फरक पडला असता काय? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आयातशुल्काबाबत निश्चित पडला असता. २ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या जगावर आयातशुल्क जाहीर केले, तेव्हा ही शांततेच्या काळातली अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी करवाढ आहे, असे पेन्स यांनी जाहीरपणे म्हटले. परंपरावाद्याच्या दृष्टीने आयातशुल्क हा आपल्याच नागरिकाच्या खिशातून घेतलेला कर असतो. लोकानुनयाच्या दृष्टीने तो परक्याला केलेला दंड असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतावरचे शुल्क आधी २५ आणि मग रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५ असे ५० टक्क्यांवर गेले. त्याची झळ अंधेरीच्या सीप्झमधल्या, अमेरिकेच्या मागणीवर चालणाऱ्या दागिन्यांच्या कारखान्यांना बसली, आणि तुमच्याकडे सोन्याचांदीच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकालाही बसली.

व्हिसाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एच-१बी व्हिसावरून ट्रम्प यांच्या समर्थकांतच जाहीर भांडण झाले : एका बाजूला हा व्हिसा हवा म्हणणारे इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी, दुसऱ्या बाजूला तो नको म्हणणारे स्टीव्ह बॅनन यांच्यासारखे लोक. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले गेले. तुमच्या मंडळातील मित्रांना मी एवढेच सुचवीन, की 'आपल्या संस्कारांच्या जवळचा पक्ष' ही कसोटी अपुरी आहे. संस्कार जवळचे असूनही, खरी जनता कोण हे ठरवण्याचा मक्ता एका नेत्याकडे गेला, की त्या जनतेत आपण आहोत की नाही हेही तोच ठरवतो. पेन्स यांचे आजोबा १९२३ मध्ये आयर्लंडहून आले आणि शिकागोत बस चालवत राहिले. ही हकीगत ते आपल्या भाषणांत आवर्जून सांगत आले आहेत.

प्रश्न : एवढे सगळे खरे बोलूनही त्यांना मते का मिळाली नाहीत? (लातूर)

उत्तर : काही कारणे वर आली आहेत. ते उशिरा बोलले. कामगाराच्या गाऱ्हाण्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनांना कात्री लावावी लागेल हे त्यांनी सांगितले, ट्रम्प यांनी त्यांना हात लावणार नाही असे सांगितले, आणि रिपब्लिकन मतदारांत वृद्ध फार मोठ्या संख्येने आहेत. गर्भपाताविषयीची त्यांची कठोर भूमिका मध्यममार्गी मतदाराला मान्य नव्हती, मलाही नाही.

पण मला मोठे कारण हे वाटते, की ज्या परंपरावादी मतदारांना उद्देशून ते बोलत होते, ते त्यांच्या कल्पनेतल्या संख्येने अस्तित्वातच नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये इंडियानापोलिस येथे बंदूकमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात ते व्यासपीठावर आले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या राज्यात त्यांची हुर्यो उडवली गेली. बंदुकीच्या हक्काचे ते जुने समर्थक होते. तिथला प्रत्येक माणूस त्यांच्या धोरणाशी सहमत होता. राग ६ जानेवारीचा होता. त्यानंतर सहा महिन्यांनी, २८ ऑक्टोबर २०२३ रोजी, लास व्हेगासला रिपब्लिकन ज्यू संघटनेच्या सभेत त्यांनी ही माझी वेळ नाही असे सांगून उमेदवारी मागे घेतली. सभागृहात आधी आश्चर्याचा उद्गार उमटला आणि मग लोक उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले.